तिकडून आलेलं अक्षर

अठ्ठ्याऐंशी साली वर्ध्याच्या पुनर्वसन ऑफिसात टर्मिनल आलं आणि ते रूपरावच्या गळ्यात पडलं. बावीस वर्षं टायपिंग केलेला माणूस. टेलिफोनच्या तारेवरून, इथं बसल्या बसल्या नागपूरच्या मोठ्या मशीनमध्ये शिरायचं, तिथली यादी उघडायची, नावं चढवायची. पण दाबलेलं अक्षर आधी नागपूरला जायचं, तिकडून परत आलं की मगच काचेवर उमटायचं. रूपरावच्या बोटांना इतका दम कुठला! टर्मिनलच्या मागं एक खटका होता. तो खाली केला की अक्षर इथल्या इथंच उमटे. त्यानं केला खाली आणि सुटला.

सोमवारी जंगलू उईके आला. गाव धरणात चाललेलं. नव्या जागी प्लॉट मिळणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव राहून गेलं होतं. साहेबांच्या सहीचा कागद होता हातात. रूपरावनं खडाखडा नाव मारलं.

"झालं, काका. जा."

शुक्रवारी पाचला यादी बंद होणार. साडेचारला जंगलू पुन्हा दारात.

"आता काऊन आले?"

"माहं नाव पाह्यचं हाय."

"वाचता येते काय तुमाले?"

"तुमाले येते ना, बाबू!"

रूपराव हसला. यादी मागवली. नाव नव्हतं.

सोमवारी त्या नावानंतर लाईन मेली असं वाटून त्यानं नागपूरला फोन पुन्हा लावला होता. नावानंतर कसली? आधीच मेली होती. काचेवर दिसलं ते इथलंच होतं, नागपूरला काहीच पोचलं नव्हतं.

साहेबांवर ढकलता आलं असतं.

"माही चूक हाय, काका. न पाह्यताच झालं म्हनलं मी."

"घर पान्यात चाललं," जंगलू म्हणाला, "नाव तारेत गेलं."

रूपरावनं खटका वर केला. नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर, 'जे', दाबलं. काच कोरी. मग 'जे' आलं. 'ए' दाबलं. थांबला. आलं. आडनावाच्या मधेच सगळं अडकलं. पाचला चार मिनिटं कमी.

"झालं?"

"नाई. तिकडून आलं नाई अजून."

बोटं तशीच अधांतरी. मग 'के' आलं. शेवटचं 'ई' आलं. त्यानं नाव जमा केलं आणि यादी नव्यानं मागवली. एक एक ओळ खाली सरकत आली.

"हे?" जंगलूनं काचेवर बोट ठेवलं.

"हे."

पाचला मशीननं यादी बंद झाल्याचं कळवलं. जंगलूचं बोट तिथंच होतं. रूपरावनं टर्मिनल बंद केलं नाही.