पाच मिनिटांचा कांदा

ताईंनी बावीस वर्षं टीव्हीवर स्वयंपाक केला आणि बावीस वर्षांत तिथे एकही कांदा पुरता परतला नाही. तेल तापवायचं, कांदा टाकायचा, चार वेळा उलथनं फिरवायचं आणि हसत सांगायचं, पाच मिनिटांत आपला कांदा तयार. मग ओट्याखालून दुसरी कढई वर यायची. तिच्यातला कांदा तांबूस, लोण्यासारखा मऊ. कॅमेरा तिच्यावर गेला की घरोघरच्या बायका हळहळायच्या, कारण त्यांचा कांदा पाच मिनिटांत नुसता घाम गाळायचा. तक्रारीची पत्रं आली की ताई पुढच्या भागात गोड आवाजात म्हणायच्या, आच चुकत असेल हो तुमची.

ती ओट्याखालची कढई वहिनींची असायची, ताईंच्या थोरल्या भावाच्या बायकोची. स्टुडिओच्या मागच्या कोंदट खोलीत, एका शेगडीपुढे स्टुलावर बसून त्या पाऊण तास कांदा हलवायच्या. ताईंना स्वयंपाक शिकवला तोही त्यांनीच. ताईंच्या आईला दूधसुद्धा उतू जाऊ न देता तापवता येत नसे. पण पहिल्या भागाच्या वेळी निर्माता म्हणाला, हे सगळं आईकडून शिकले असं सांगा, लोकांचे डोळे भरून येतात. वहिनी म्हटलं की त्यांना भांडणाची मालिका आठवते. सगळे हसले. ताईही हसल्या, आणि आई एका दिवसात सुगरण झाली.

वहिनींनी एकदाच काही मागितलं. ताईंचं पुस्तक छापायला चाललं होतं तेव्हा त्या म्हणाल्या, "वन्सं, माझं नाव नको. पण कांद्याला पाऊण तास लागतो, तेवढं लिहा. बायका बिचाऱ्या स्वतःलाच दोष देत असतील."

प्रकाशकाने तोंड वाकडं केलं. पाऊण तास वाचूनच लोक पुस्तक मिटतील, असं त्याचं म्हणणं. ताई मूग गिळून बसल्या.

पुढे रेस्टॉरंट निघालं. पाटीवर 'आईच्या हातचं', भिंतीवर आईचा हा एवढा फोटो. उद्घाटनाच्या भाषणात ताईंनी सुतारापासून दिवे लावणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. वहिनी तेव्हा आत भटारखान्यात होत्या, दीडशे पाहुण्यांचा कांदा परतत. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. दादाने गुडघ्यांचं कारण सांगितलं. ते कोणालाच खरं वाटलं नाही, पण सगळ्यांच्या सोयीचं होतं, म्हणून सगळ्यांनी मानलं.

मग आचारी पुस्तकावरून रांधायला लागले. गिऱ्हाईक वर्षभर फोटोकडे बघून जेवलं, नंतर हळूहळू पांगलं. मागच्या वर्षी रेस्टॉरंट बंद झालं आणि आता कार्यक्रमही बंद व्हायचा होता. शेवटचा भाग आठवड्यावर आला तेव्हा ताईंच्या मनाने घेतलं, की वहिनींना शेजारी उभं करायचं आणि जगाला खरं सांगून टाकायचं. त्याशिवाय त्यांना घास गोड लागेना.

दादा जाऊन तीन वर्षं झाली होती. दार वहिनींच्या सुनेने उघडलं आणि ती हरखलीच. लग्न झाल्यापासून आत्यांना तिने टीव्हीवरच जास्त पाहिलं होतं. वहिनी खिडकीपाशी शेंगा सोलत होत्या. केस पांढरे झालेले, हात मात्र तेच, झरझर चालणारे. ताईंनी कसंबसं येण्याचं कारण सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि पुढची शेंग उचलली.

तेवढ्यात सून ताटली घेऊन आली. कांद्यातली कोंबडी. सकाळीच केली होती, योगायोगच म्हणायचा. ताटलीखाली दाबून तिने पुस्तकही आणलं होतं, पानं तेलकट झालेलं.

"आत्या, खरं सांगा हं, तुमच्यासारखी जमलीय का? आमच्या आई पाऊण तास कांदा घेऊन बसतात. मी म्हणते, अहो आई, आत्यांनी स्पष्ट लिहिलंय, पाच मिनिटं. उगाच गॅस कशाला जाळायचा?"

ताईंनी घास घेतला. कांदा दाताखाली करकरला. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या शेंगा सोलत होत्या. वहिनींना त्यांच्याच स्वयंपाकघरात रोज चूक ठरवणारं माणूस आपण धाडून दिलं आहे, हे ताईंना तेव्हा कळलं, आणि मान वर करायची त्यांना लाज वाटली.

"पुस्तकात चूक आहे," त्या म्हणाल्या. "पाऊण तासच लागतो. आणि ही कोंबडी माझी नाही, माझ्या आईचीही नाही. तुझ्या सासूची आहे. मला जे काही येतं ते सगळं हिचं आहे."

सुनेचे डोळे भरून आले. ती सासूला म्हणाली, "बघा आई, एवढं नाव कमावलं, पण गर्व म्हणून नाही. माणसाने असं असावं."

आणि तिने वाकून ताईंच्या पायाला हात लावला.

ताई घाईने म्हणाल्या, अगं नाही, खरंच सांगतेय. सून डोळे पुसत हसली, म्हणाली, असू द्या हो आत्या, आणि पाणी आणायला आत गेली.

वहिनींनी आणखी एक शेंग फोडली.

"वन्सं, मी नाही यायची टीव्हीवर," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तेव्हा बोलला असतात, तर ते खरं ठरलं असतं. आता तो तुमचा मोठेपणा ठरतो."

वहिनींनी सोललेले दाणे भांड्यात ओतले आणि मांडीवरची टरफलं झटकली.

"खाऊन घ्या," त्या म्हणाल्या. "आणि जमलीय म्हणून सांगा तिला. फार वाट बघत होती पोरगी."

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. ताई तिच्याकडे बघून हसल्या, अगदी कॅमेऱ्याकडे बघून हसायच्या तशा, आणि म्हणाल्या, छान झालीय.