शेवटच्या वाफ्याचं पाणी

धाकटीने शेवटच्या वाफ्यातलं टोमॅटोचं रोप उपटलं, मुळं पाण्यात खळबळून काढली आणि उजेडाकडे धरली. पुन्हा गाठीच. माळेत मणी ओवावेत तशा.

"बघितलंस?" मागे उभी असलेली थोरली म्हणाली. "तुझ्या जिवाणूंनी इथं हात टेकले."

हरितगृहातले बाकीचे वाफे केव्हाच सुधारले होते. धाकटी पिंपात जिवाणू वाढवायची आणि ते आंबूस पाणी नळ्यांतून मुळांशी सोडायची. जिवाणू मुळांवर बिऱ्हाड थाटायचे, मग मुळांत गाठी करणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूत्रकृमींना आत शिरणं जड जायचं. घोडं अडलं होतं ते या एका वाफ्यापाशी. इथली नळी तुंबलेली, म्हणून धाकटी रोज पिंपातून एक बादली भरून ठेवी आणि थोरली दुखऱ्या गुडघ्याने ती झाडाझाडाला घाली.

आई गेल्यापासून घरात दोघी बहिणीच होत्या. शहरातल्या प्रयोगशाळेने धाकटीची नोकरी आणि राहायची खोली महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. "सगळी मुळं स्वच्छ झाली की खुशाल जा," असं थोरली म्हणाली होती, आणि धाकटीनेही मोठ्या तोऱ्यात शब्द दिला होता. आता त्याच शब्दाने तिला खुंटीला बांधून टाकलं होतं. तिने पिंपातलं मिश्रण बदलून पाहिलं, बादली मोठी केली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्या प्लास्टिकच्या छताखाली तिचा जीव घुसमटायचा, थोरलीचा राग यायचा आणि मग त्या रागाची लाज वाटायची.

ती हात धुवायला दाराबाहेरच्या नळाशी गेली. तिथे गवतात टोमॅटोचं एक रोप आपोआप उगवलं होतं, चांगलं गुडघाभर. सवयीने तिने तेही उपटलं. मुळं पांढरीशुभ्र, गाठ म्हणून नाही. मातीला पिंपातला आंबूस वास येत होता.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. बादली रोज इथेच रिकामी होत होती. वाफ्याला जात होतं ते नळाचं साधं पाणी.

थोरली दारात आली. तिने रोपाकडे पाहिलं आणि मान वळवली.

"गवत फार माजलंय इथं," ती म्हणाली.

"माजणारच. खाणंपिणं चांगलं झालंय त्याचं."

धाकटीने पिंपातून बादली भरली आणि तिच्यापुढे ठेवली.

"आज माझ्यासमोर घाल, ताई."

थोरलीने बादलीची कडी धरली, पण उचलवेना. बऱ्याच वेळाने तिने ती उचलली आणि पहिल्या रोपाशी जाऊन ती मगाने पाणी ओतायला लागली. प्रत्येक बुंध्याशी थांबत, एकही न गाळता. धाकटीला धावत जाऊन बादली हातातून घ्यावीशी वाटली, पण ती जागची हलली नाही.

शेवटच्या रोपाशी थोरलीने बादली उपडी केली. मग पाठमोरीच तिने विचारलं,

"तिथं शहरातल्या खोलीत स्वयंपाकाची सोय आहे का?"