पोत्यातली वाळू

“मला दंड फुगवायचे नाहीत, मेल्स. नवऱ्याला खाटेवरून खुर्चीत घ्यायचंय. तेवढं शिकव.”

बुरूलकान एजे दारातूनच म्हणाली; थोरल्या बाईला आम्ही एजेच म्हणतो. माझ्या तळघरातल्या तालमीत नरीन शहराच्या बाजारातली पोरं येतात आणि आरशात स्वतःवरच भाळतात. बालवाडीत जन्मभर लापशी ढवळलेली साठीची बाई कधी आली नव्हती. पोरं फिदीफिदी हसली. मी डोळे वटारले.

तिचा नवरा तुर्गानबाय मला चांगला ठाऊक होता. ट्रक चालवायचा, अख्खा मेंढा खांद्यावर टाकून गप्पा मारत उभा राहायचा. अर्धांगवायूने आडवा केला त्याला.

मी नेहमीची पोपटपंची केली. “हलकं वजन घ्या, एजे. पंधरा-पंधरा वेळा.”

“तो काय हलका आहे? आणि पंधरा वेळा कोण उचलतंय त्याला? सकाळ-संध्याकाळ एकेकदा. पण उचलला की मध्येच सोडता येत नाही, बाबा.”

खरंच होतं. तिला जडच हवं होतं, थोड्याच वेळा. लोखंडी दांडाही कामाचा नव्हता. लुळा माणूस दांड्यासारखा ताठ राहत नाही. मी पिठाच्या पोत्यात वाळू भरली.

“मिठी मारा, गुडघ्यात वाका, पोट आवळा. पाचदा. मग बसून चहा प्या.”

“चहासुद्धा व्यायामात धरतोस होय रे, पैलवाना?”

हिवाळाभर ती आली. मी हळूहळू वाळू वाढवत गेलो. मग एका वजनाशी गाडी अडली ती अडलीच.

नोरूझच्या सणाआधी, वसंत लागताना, ती हसतच आत आली. “आज एका दमात उचलला त्याला! धापसुद्धा लागली नाही.”

पोरांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र पोत्याकडे पाहिलं. महिनाभरात त्यातली वाळू चिमूटभरही वाढली नव्हती; मग तो एकाएकी सोपा कसा झाला?

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे. हसू मावळलं. ती मटकन बाकावर बसली.

“तो गिळत नाही रे काही. सूप घातलं तर ओठातून ओघळतं.”

त्या क्षणी मला माझ्या धंद्याचीच चीड आली.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं. “पडून पडून त्याच्या पाठीला जखमा झाल्यात. आता सारखी कूस बदलावी लागते. हलकं दे, आता तो आहे तेवढंच. पुष्कळ वेळा करायचं.”

मी पोत्याची दोरी सोडून घमेलंभर वाळू काढली.

“अजून काढ.”

काढली. तिने पोतं छातीशी धरून पाहिलं आणि खाली ठेवलं.

“अजून,” ती म्हणाली.