पहिली विभूती

आमचे आमदार शेखरप्पा हुलगूर यांची सगळी कारकीर्द मयतांवर उभी होती. हे मी टीका म्हणून सांगत नाही. मी त्यांचा पीए आहे, कुठल्या मयताला किती वाजता पोचायचं हे मीच ठरवतो. विधानसभेत ते आजवर एकदाच बोलले, "जरा पंखा कमी करा" म्हणून, आणि तेही अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलं. पण मतदारसंघात कोणी गेलं की सख्ख्या भावाच्या आधी आमदार हजर.

ही युक्ती फकीरप्पांची. फकीरप्पा म्हणजे हावेरीच्या बाजारातले मिरचीचे दलाल, आमदारांचे शाळेपासूनचे दोस्त आणि त्यांना चारचौघांत "ए गाढवा" म्हणणारे जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ. पहिल्याच निवडणुकीला त्यांनी सांगून टाकलं होतं, "भाषण तुझ्या बापालाही जमलं नाही. तू नुसता जाऊन बस. दुःखात शेजारी बसलेला माणूस कुणी विसरत नाही." बायकोला, गंगव्वांना, त्यांनी आणखी एक बजावून ठेवलं होतं. "मी गेलो की खड्ड्यात बसवल्यावर मांडीवर विभूतीचा पहिला गोळा शेखऱ्याच्या हातचा. मगच माती."

तर फकीरप्पा गेले, आणि आमदार नेमके परराज्यात, समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये. सरकार डळमळत होतं. आपली माणसं फुटू नयेत म्हणून पक्षाने सगळ्यांना एसी बसमध्ये भरून तिकडे नेलं होतं आणि मोबाइल काढून घेतले होते.

आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, बसवतात. बसवूनच पुरतात. फकीरप्पांना सोप्यात भिंतीला टेकवलं, फेटा बांधला, कपाळभर विभूती लावली. समोर भजन सुरू झालं. त्यांचं तोंड दाराकडे होतं, त्यामुळे दारात सावली पडली की भजनवालेही मान वळवायचे, आला का म्हणून.

सकाळीच मी रिसॉर्टच्या ऑफिसात निरोप ठेवला होता. दुपारी माझा फोन वाजला. आमदार रिसॉर्टच्या आचाऱ्याच्या फोनवरून बोलत होते.

"तम्मा, त्याच्या कानाला लाव."

"साहेब, ते आता..."

"माहितीये मला. लाव म्हणतो ना."

मी लावला. भजन थांबलं. गडबडीत स्पीकर चालू झाला, तो बंद कसा करायचा ते मला सुचेना.

"फकीऱ्या, येतो रे. गेटला कुलूप घातलंय यांनी. जरा दम धर."

मागून कुणीतरी ओरडलं, "कोळंबी संपत आली, घ्यायची तर घ्या." मग फोन पक्षाच्या एका नेत्याने हिसकावून घेतला. "कोण गेलंय म्हणे? माझीही श्रद्धांजली सांगा. घरात मतं किती?"

"एक कमी झालं म्हणावं," गंगव्वा म्हणाल्या.

आमदार आले नाहीत, पण त्यांनी आचाऱ्याच्याच फोनवरून सांगितलेला फ्लेक्स आला. आमच्याकडचा फ्लेक्सवाला वाढदिवस असो की मयत, एकच साचा वापरतो. दाराएवढे आमदार, हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे फकीरप्पा. पोरांनी तो फ्लेक्स भिंतीला, फकीरप्पांच्या शेजारी लावला. एक म्हातारी आली, तिने हार आमदारांना घातला, पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "वय तरी काय होतं." मग शेजारी बघून दचकली.

उन्हं कलली. स्वामीजींना पुढच्या गावी जायचं होतं. ते म्हणाले, "अव्वा, आता खड्ड्यात बसवायला हवं." भावकीतल्या एका शहाण्याने तोडगा काढला. फ्लेक्स खड्ड्यापर्यंत न्यायचा, फोटोतल्या हाताला गोळा टेकवायचा, म्हणजे शब्दही राहील आणि वेळही साधेल. दोघांनी फ्लेक्स उचललासुद्धा.

गंगव्वांनी फ्लेक्सकडे नीट पाहिलं. "दोन्ही हात जोडलेत भावजींनी," त्या म्हणाल्या. "ठेवणार कशाने?"

पहिला गोळा त्यांनी स्वतःच ठेवला.

सरकार वाचलं. आमदार लघुपाटबंधारे मंत्री झाले आणि शपथ घेऊन, गाड्यांचा ताफा घेऊन थेट फकीरप्पांच्या घरी आले. अर्जवाले दाराबाहेर थांबले. सोप्यात आम्ही तिघंच.

"या साहेब, बसा," गंगव्वा म्हणाल्या. आजवर त्या त्यांना भावजी म्हणत होत्या.

मंत्री त्या भिंतीकडे बघत होते. फ्लेक्स काढला होता. चिकटपट्टीबरोबर चुना उखडून आला होता.

"वहिनी, गेटला कुलूप नव्हतं."

गंगव्वांनी चहाची बशी पुढे केली.

"पक्षवाले गाडीसुद्धा देत होते. एवढंच म्हणाले, गेलास तर तुझ्या जागी दुसऱ्याचा शपथविधी. मला वाटलं, फकीऱ्या असता तर म्हणाला असता, गाढवा, आधी मंत्री हो."

"म्हणाले असते," गंगव्वा म्हणाल्या. "तुम्ही विचारायला हवं होतं. फोन कानाला होता की. तेव्हा तुम्ही त्यांना कुलपाचं सांगितलंत."

मंत्र्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"वहिनी, मला शिव्या द्या. एक तरी."

"मला कुठे येतात," त्या म्हणाल्या. "ते खातं यांच्याकडे होतं. चहा घ्या साहेब, गार होतोय."

मंत्र्यांनी तो गार झाल्यावरच घेतला. मग उठून दारात गेले. पहिला अर्ज कुणीतरी हातात दिला, तो त्यांनी उलटाच धरला आणि बराच वेळ वाचत राहिले. सरळ करून द्यायची माझी हिंमत झाली नाही.