ओल्या फडक्यातला हिवाळा

पौषातली पिवळसर, पातळ, अस्वस्थ सकाळ. तापीवरून आलेला गारवा भुसावळच्या गच्च्यांवर क्षणभर टेकायचा आणि उन्हाची चाहूल लागताच काढता पाय घ्यायचा. पहाटे थंडी, दुपारी ऊन, सांजेला पुन्हा थंडी. या गावच्या हिवाळ्याला एका जागी बसणं ठाऊकच नाही.

आणि कुमुदिनीबाईंना तर हिवाळाच हवा होता. अखंड, निश्चल, हिमगर्भ हिवाळा, मूठभर बियांपुरता.

बिया ल्युपिनच्या होत्या. बर्फाळ परदेशातल्या डोंगरउतारांवर निळ्या-जांभळ्या तुऱ्यांनी उभी राहणारी, हिमाखाली निजून दर वर्षी त्याच मुळातून पुन्हा उगवणारी ती फुलं. तिथे त्यांची लेक पूर्वा राहते. तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा तिचे वडील, विश्वासराव, एवढंच म्हणाले होते, की या घरात आता तिचं नाव निघायचं नाही. नाव निघालं नाही. श्रावण आले, श्रावण गेले, दिवाळ्या लागल्या, विझल्या, नाव निघालं नाही.

आई तेवढी चोरून फोनवर बोलायची, नळ सोडून ठेवून, भांड्यांच्या आवाजाआड. यंदा पूर्वाने ओळखीच्या कुणाच्या हाती बी धाडलं आणि बजावलं, की ओल्या फडक्यात बांधून महिनाभर फ्रीजमध्ये ठेव, थंडी भोगल्याशिवाय ते नीट जागं होत नाही. लेक येवो न येवो, तिचं काहीतरी या दारात रुजावं, एवढीच त्या माउलीची आस होती. तिला दुसरं काही नको होतं.

बी निवांत निजलं होतं. निजत नव्हती ती बाई. दूध काढायला गेली की फडकं चाचपायची, कोथिंबीर काढायला गेली की फडकं चाचपायची. कोरडं पडलं का? फार भिजलं का? दार उघड, दार मीट. त्या इवल्या पांढऱ्या दिव्याच्या उजेडात तिचा जीव दिवसातून कितीदा वरखाली व्हायचा. विश्वासरावांना वाटे, बायको अलीकडे विसरभोळी झाली आहे.

मग भाचीच्या डोहाळजेवणाला तिला जळगावला जावं लागलं, चार दिवस राहावं लागलं. घरी विश्वासराव एकटे. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून या गृहस्थांनी स्वयंपाकघरात एक खातं मिळवलं होतं, मटकीला मोड आणण्याचं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. फ्रीज उघडला तर मागच्या कोपऱ्यात ओली पुरचुंडी. सोडली तर आत ठिपक्याठिपक्यांचे तपकिरी, टपोरे दाणे. मटकी कुणी गारठ्यात ठेवतं का? मोडांना ऊब लागते. बायकोच्या विसरभोळेपणावर मायेने हसत त्यांनी पुरचुंडी घट्ट बांधली, शेगडीशेजारी ठेवली, वर पातेलं पालथं घातलं. करायला गेले गणपती, झाला मारुती.

कुमुदिनीबाई परतल्या त्या थेट फ्रीजकडे. कोपरा रिकामा. थंड, शुभ्र, रिकामा.

विश्वासरावांनी ऐटीत पातेलं उचललं. फडकं भेदून चहूकडून शुभ्र, कोवळे, वाकडे अंकुर बाहेर आले होते. उद्या उसळ टाकू, म्हणाले.

"ती मटकी नाही," त्या म्हणाल्या. "पूर्वाचं बी आहे ते."

नाव निघालं. भिंतींनी ऐकलं, भांड्यांनी ऐकलं, त्या माणसाने ऐकलं. त्याच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

मग विश्वासरावांच्या पायांना थारा उरेना. पुरचुंडी उचलून फ्रीजमध्ये ठेवली. गारठ्याने कोंब मरतील म्हणून बाहेर काढली. बाहेर वाळतील म्हणून पुन्हा आत ठेवली. आत, बाहेर, पुन्हा आत. दुपार कलू लागली, ऊन ओट्यावर चढलं, आणि तो करारी माणूस फडक्यावर पाणी शिंपडत उभा. काय करू, काय करू, असं त्यांनी बायकोला कितीदा तरी विचारलं. त्यांना भीती वाटत होती, आणि ती लपवायचंही सुचत नव्हतं.

कुमुदिनीबाईंनी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"मला विचारू नका. जिनं पाठवलंय, तिला विचारा."

फोन कानाशी धरून, पुरचुंडी छातीशी धरून ते गच्चीवर गेले. पलीकडून आवाज आला, "हं, आई?"

"मी बोलतोय. तुझ्या बियांना मोड आलेत. चूक माझी. आता गारव्यात ठेवू, की मातीत लावू?"



"मातीत लावा, बाबा."

"किती खोल?"

"बोटाचं एक पेर."

ऐकू आलं होतं. स्वच्छ, लख्ख ऐकू आलं होतं. तरीही गच्चीवरच्या कुंडीशी उकिडवं बसून, ओल्या काळ्या मातीत बोट रोवून, त्यांनी पुन्हा विचारलं, किती खोल म्हणालीस? आणि तो आवाज पुन्हा सांगू लागला, हळू, ओला, थांबत थांबत. एक पेर, बाबा, एकच पेर. वर उतरतं ऊन, खाली मऊ माती, आणि बोट तसंच मातीत.