नर्सच्या कोटाचा खिसा

२०१२ साल होतं. आमचं खुनाचं संगीत नाटक अडतीस वर्षांनी पुन्हा रंगभूमीवर आलं आणि नव्या दिग्दर्शिकेनं पहिल्या प्रयोगाचे दोन पास घरी पाठवले. एक माझा, एक वन्संचा. जुन्या संचातल्या आम्ही दोघीच गावात उरलो होतो. नाटक बसवलं होतं माझ्या यजमानांनी, त्यात नर्स झाली होती त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, आणि कपडे शिवायचं, सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

नाटकाची गंमत अशी की, खुनी रोज वेगळा असे. संशयित चार: डॉक्टर, वकील, नर्स आणि मेलेल्या मालकाची मेव्हणी. आज कोण, ते यजमान मध्यंतरात चिठ्ठीवर लिहून मला देत आणि मी त्याच्या कोटाच्या खिशात लाल रुमाल ठेवी. आधी खिसा चाचपायचा नाही, असा दंडक होता. शेवटच्या अंकात चौघं कोट चढवत, ज्याच्या हाताला रुमाल लागे तो खुनी, आणि कबुलीचं मोठं गाणं त्याचं. त्या गाण्यावर चौघांचाही जीव. वन्सं तर भांडी विसळतानाही तेच म्हणत. पण ब्याण्णव प्रयोग झाले, थिएटर पाडायला निघालं, नाटक बंद पडलं, आणि खुनाचा मान काही त्यांना मिळाला नाही.

त्या संध्याकाळी वन्सं ठेवणीतली शाल घेऊन आल्या. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, इतक्या मऊ खुर्च्या आहेत, नाटक दाखवायला बोलावलंय की झोपवायला? नवी नर्स गायला लागली तशी त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. पोरीचा आवाज बरा आहे, श्वास मात्र भलत्याच ठिकाणी घेते, एवढाच शेरा त्यांनी मारला.

मध्यंतरात आम्ही कॉफी घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो. कप हातात फिरवत त्या म्हणाल्या, "दादाला मी एकदाही लायक वाटले नाही बघ. ब्याण्णव वेळा."

यजमानांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. वन्संशिवाय मला हक्काचं माणूस नव्हतं. गप्प बसले असते तर ती संध्याकाळ छान पार पडली असती.

"शेवटच्या प्रयोगाला तुमचंच नाव होतं," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला.

मग मी सगळं सांगितलं. नर्सचा आणि मेव्हणीचा कोट मी एकाच राखाडी कापडातून शिवले होते. त्या दिवशी दुपारी नर्सच्या कोटाचं अस्तर उसवलं म्हणून मी दोन्ही खाली काढले आणि टांगताना खुंट्या बदलल्या. कोट चढवताना दोघींनी मापावरून आपापला बरोबर ओळखला. मी मात्र रुमाल ठेवताना नुसती खुंटी पाहिली होती. मेव्हणीच्या हाताला रुमाल लागला, ती गायली. यजमान भडकले होते म्हणून मी त्या रात्री बोलले नाही. मग आज सांगू, उद्या सांगू करत राहूनच गेलं.

"चिठ्ठीत काय लिहिलं होतं?"

"आज माझी बहीण. सुरुवात तेवढी सावकाश घेऊ दे."

"आणि मी गायले नाही, तेव्हा दादाला काय वाटलं?"

हे सांगणं सगळ्यात जड होतं. "तुम्ही घाबरून रुमाल तिच्याकडे सरकवलात, असं."

"एकोणतीस वर्षं तो मला भित्री समजला आणि मी त्याला उलट्या काळजाचा," त्या म्हणाल्या. "कामापुरतं बोलत होतो आम्ही. आणि तू दोघांना वाढत होतीस."

घंटा झाली. त्या आत गेल्या आणि तीन रांगा पुढे एका रिकाम्या खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी खुनी वकील निघाला. दिवे लागले तेव्हा खुर्ची रिकामी होती. दारावरचा माणूस म्हणाला, शालवाल्या बाई टॅक्सीनं गेल्या.

तीन आठवडे त्यांनी माझा फोन उचलला नाही. मग एका सकाळी त्यांचाच आला. "वहिनी, माझ्याकडे दादाचा एकही धड फोटो नाही. तुझ्याकडे असेल तर घेऊन ये."

मी तासाभरात पोचले.

ते नाटक पुढे चाळीस प्रयोग चाललं. दिग्दर्शिका आता परगावी नाटक शिकवते. नवी नर्स गाणं सोडून दाताची डॉक्टर झाली, माझी कवळी तिनंच बसवली. आमची जुनी मेव्हणी मुलीकडे परदेशात होती, ती दोन वर्षांनी गेली. तिला यातलं काहीच कळलं नाही.

वन्सं आणखी पाच वर्षं होत्या. दर रविवारी माझ्याकडे जेवायला येत. माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पण शेजारीण असो, दूधवाला असो, तपासायला आलेला डॉक्टर असो, मी दिलेल्या, त्यांच्या घरच्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून त्या सांगत, "या माझ्या भावानं मला खुनी नेमलं होतं." आणि मी तिथं असले तर पुढे जोडत, "घोळ घातला तो हिनं."