काटे काढलेली वाक्ये

न्यायालयातले शिपाई त्याला पाठीमागे ‘साखरपेरे’ म्हणत. विभक्त होणारी जोडपी तो तळमजल्यावरच्या मध्यस्थी-कक्षात बसवी आणि एकाचे बोलणे दुसऱ्याकडे नेताना त्यातले काटे काढून नेई. ‘हा माणूस नव्हे, राक्षस आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडून ‘यांना अधिक सौम्य वागणूक अपेक्षित आहे’ असे निघे. ही लबाडी आहे असे कोणी म्हटल्यास तो हिरिरीने वाद घाली. जे सत्य घशाखाली उतरतच नाही, त्याने आजवर कोणाचे पोट भरले आहे?

त्या शुक्रवारी प्रश्न एवढाच उरला होता, की अकरा वर्षांच्या मुलीने शनिवार-रविवार वडिलांकडे राहावे की नाही. रीतीप्रमाणे त्याने तिला आधी एकटीला बोलावले.

‘काका, मी सांगितलेलं तुम्ही बाबांना सांगणार?’

‘तू म्हणशील तरच. एरवी या खोलीतलं बाहेर जात नाही. अगदी न्यायाधीशांकडेही नाही.’

मेजाच्या कडेचा सुटलेला पापुद्रा ती नखाने उकलू लागली. ‘काही चुकलं की बाबा सामानाच्या खोलीत घालतात. बाहेरून कडी लावतात. दिव्याचं बटणही बाहेरच आहे. हाक मारली तर आणखी उशिरा उघडतात.’

‘आईला ठाऊक आहे?’

‘नाही. ती लगेच भांडेल, आणि बाबा म्हणतील मी चुगली केली. तुम्ही सांगा ना. तुम्ही सांगितलं की भांडण होत नाही म्हणे.’

ही आपली स्तुती आहे असे त्याला वाटले.

मग आईवडील आत आले. मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली.

‘काय गंमत आहे पाहा,’ वडील हसत म्हणाले, ‘लग्न जुळवायला एक मामा पुरला, मोडायला अख्खी फौज!’

‘त्या मामानेच घात केला,’ आई म्हणाली.

‘मुलीच्या मनात,’ मध्यस्थाने शब्द जोखून वापरले, ‘शिस्तीच्या पद्धतीविषयी थोडी अस्वस्थता आहे.’

‘मग काय डोक्यावर मिरे वाटू द्यायचे?’ वडील म्हणाले.

‘मोबाइल मिळत नसेल तिकडे,’ आई म्हणाली. ‘ते एक बरं करतात. माझं तर ऐकतच नाही ही.’

कित्येक महिन्यांत प्रथमच दोघांचे एकमत झाले. तो क्षण मोडणे मध्यस्थाच्या जिवावर आले. शनिवार-रविवार वडिलांकडे असे ठरले आणि तडजोडीच्या कागदावर तिसरे कलम लिहिले गेले: ‘शिस्तीच्या पद्धतीबाबत उभयता परस्परांशी विचारविनिमय करतील.’

बाहेर आईवडिलांच्या सह्या आटोपताच मुलीने कागद ओढून घेतला. ‘काका, यात कडी कुठे आहे?’

‘तिसऱ्या कलमात, बाळ.’

ओळीवरून बोट फिरवत तिने पुन्हा वाचले. ‘दिसत नाही.’

त्यालाही दिसली नाही.

तेवढ्यात पुकारा झाला आणि सगळे न्यायाधीशांसमोर जाऊन उभे राहिले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत विचारले, ‘बाळ, तुला काही सांगायचं आहे?’

वडील शेजारीच उभे होते. मुलीने मध्यस्थाकडे पाहिले. न्यायाधीशांना सांगण्याची परवानगी तिने दिली नव्हती. पण त्या नजरेत ती परवानगी नव्हती असे कोण म्हणेल? तो पुढे सरसावला.

‘महोदय...’

‘बोला.’

कडी. बाहेरून. अंधार. इतके सोपे शब्द होते. पण वीस वर्षे ज्या जिभेने एकही काटा पुढे जाऊ दिला नव्हता, ती आजही आपल्याच वळणाने गेली.

‘मुलीची अस्वस्थता लक्षात घेतली जावी, इतकेच.’

‘ती तिसऱ्या कलमात घेतलीच आहे ना?’

‘होय, महोदय.’

न्यायाधीशांनी सही केली.

बाहेर आल्यावर आईने त्याला हात जोडले. ‘उपकार झाले हो तुमचे. एकदाचं भांडण न होता सुटलं.’

वडिलांनी मुलीचे दप्तर आपल्या खांद्यावर घेतले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

‘चल. आणि ती अस्वस्थता का काय म्हणाले ना साहेब, ती घरी गेल्यावर मला नीट सांग हं.’